ठराव क्रमांक चार: सायरन बंद करण्याबाबत

“सर्वांत चांगली राज्यपद्धती कोणती? विचार करून या,” असं म्हणून गुरुजींनी वर्ग सोडला आणि मला हसूच आलं. प्रश्न विचारतंय कोण, तर ज्याला आम्ही राज्यावरून उठवून शाळेत बसवलं तो!

आमचे गुरुजी यंत्रमानव आहेत. पूर्वी त्यांचं नाव ‘प्रधान’ होतं आणि आमच्या सगळ्या वसाहतीवर त्यांचं राज्य होतं. आता ते पाढे घेतात, शुद्धलेखन तपासतात आणि कुणी दंगा केला तर “मला अधिकार नाही” म्हणून गप्प उभे राहतात.

मी चारू घोलप. बारा वर्षांची. राहते चंद्रावर. लगेच डोळे मोठे करू नका. आमचं गाव जमिनीच्या खाली आहे, एका लाव्हानळीत (ज्वालामुखीचा रस वाहून गेल्यावर मागे उरलेला लांबलचक बोगदा). चांदणंबिंदणं इथे काही दिसत नाही.

बोगद्याचे दोन भाग आहेत. वरच्या आळीत शाळा, दवाखाना, सभागृह आणि तीनशेच्या वर माणसं. खालच्या आळीत शेवाळाची कुंडं. सगळ्या गावाचा प्राणवायू त्या कुंडांतून येतो आणि ती सांभाळायला आम्ही साठ-सत्तर माणसं तिथे राहायचो. दोन्ही आळ्यांच्या मधे एक दुहेरी दार आहे आणि ते फक्त वरच्या बाजूने उघडायचं.

खालच्या आळीचा खडक भेगाळलेला. अधूनमधून हवा गळायची. हवा गळली की दाब उतरतो (हवा आपल्याला सगळीकडून जो रेटा देत असते, तो दाब). थोडा उतरला तर कानांना दडे बसतात. चहा भसाभस उकळतो, पण कडक काही होत नाही, कारण दाब कमी असला की पाणी कमी तापूनच उकळायला लागतं. फार उतरला तर माणूस मरतो. म्हणून वरच्या आळीत सायरन बसवलेला होता. खाली दाब उतरला की वर सायरन वाजणार, तो ऐकून दार सांभाळणारे मुरलीकाका धावत येऊन दार उघडणार आणि आम्ही बाहेर पडणार. सायरन वाजला नाही तर दार उघडणार नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

तो सायरन माझ्या आजोबांनी बसवला होता. डॉ. सीताराम घोलप. हवेचा दाब हाच त्यांच्या जन्मभराच्या अभ्यासाचा विषय. आईबाबा मालवाहू यानावर नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही दोघंच असायचो.

त्या दिवशी घरी आले तर आजोबा दूध तापवत होते.

“आजोबा, सर्वांत चांगली राज्यपद्धती कोणती हो?”

“अरे बापरे! हातपाय तरी धू,” ते म्हणाले. “बरं, इकडे ये. ही शेगडी मी बारीक कधी करणार?”

“दूध वर आलं की.”

“आणि वर आलेलं मला दिसलंच नाही तर?”

“उतू जाईल. आणि ओटा मला पुसायला लावाल.”

“शाबास. याला म्हणतात प्रत्याभरण. म्हणजे आपण जे करतो त्याचा परिणाम परत आपल्यापर्यंत पोचणं. पोचला तर पुढची चूक टाळता येते. राज्याचंही असंच असतं बघ. लोक पहिलं काय विचारतात? राज्य करणारा शहाणा आहे का, प्रामाणिक आहे का. विचारावं, जरूर विचारावं. पण त्याच्याआधी विचारावं की दूध वर आलेलं त्याला दिसतं का? दिसलं तर तो शेगडी बारीक करतो का? आणि करत नसेल, तर मारामारी न करता त्याला बाजूला सारून दुसऱ्या कुणाला शेगडीपाशी उभं करता येतं का?”

“म्हणजे तीन प्रश्न.”

“तीन. आता आपल्या गावावर लावून बघ. चार राज्यं पाहिली मी इथे. भेग तीच, सायरन तोच.”

मग त्यांनी दूध उतरवलं आणि सांगायला बसले.

पहिलं राज्य कमांडर दळवींचं. ती एकाधिकारशाही (एकाच माणसाच्या हातात सगळी सत्ता). आजोबा म्हणाले, माणूस कामाचा होता. बोगदा भराभर राहण्याजोगा केला, सभा नाही, चर्चा नाही, बोट दाखवलं की काम सुरू. फक्त वाईट बातमी त्याला खपत नसे. तेव्हा सायरन हाताने चालू करावा लागे; तो वाजला की दळवी आधी विचारायचा, “वाजवला कुणी?” मग वाजवणाऱ्याचं रेशन कमी व्हायचं. हळूहळू लोकांनी तारच काढून ठेवली. दाब उतरला तरी दळवींसमोर सगळे मम म्हणायचे. त्या वर्षांत खाली माणसं ‘तापाने’ गेली.

“कसला ताप?”

“दप्तरी तापच लिहिलाय,” आजोबा म्हणाले. “दळवीला काढायला दोन वर्षं लागली आणि रक्त सांडलं. कुणाचं, ते तू मोठी झालीस की सांगेन.”

मग तज्ज्ञशाही आली (त्या त्या विषयातल्या जाणकारांचं राज्य). आजोबा स्वतः त्या मंडळात होते. सगळे हुशार, सगळे सज्जन. दाब किती उतरला म्हणजे ‘उतरला’ म्हणायचं, यावर त्यांनी एक समिती नेमली. समितीने उपसमिती नेमली. “आम्ही चुकत नव्हतो गं,” आजोबा म्हणाले, “आम्हाला फक्त घाई नव्हती. मंडळातलं कुणीच तेव्हा खालच्या आळीत राहत नव्हतं. मी तिथून उठलो आणि इथे राहायला आलो.”

त्यानंतर प्रधान. यंत्रशाही. यंत्राला राग नाही, लोभ नाही, नातेवाईक नाहीत, आणखी काय पाहिजे? गावाने पेढे वाटले. प्रधान रोज दोन्ही आळ्यांच्या दाबाची सरासरी काढायचा. खाली हवा गळली की तो वर थोडी जास्त सोडायचा. सरासरी जागच्या जागी, म्हणून सायरनही गप्प! एक हात बर्फात आणि एक निखाऱ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, सरासरी कसं छान कोमट आहे. खालची माणसं धापा टाकत होती आणि अहवालात सगळं आलबेल होतं.

“गुरुजींना मी एकदा विचारलं होतं,” मी म्हटलं. “ते म्हणाले, सरासरी अचूक होती.”

“होतीच,” आजोबा म्हणाले. “प्रश्न चुकीचा होता, उत्तर बरोबर.”

“आणि आता लोकशाही. म्हणजे तीच सर्वांत चांगली?”

आजोबांनी दुधाचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “उद्या सभा आहे. ये माझ्याबरोबर. ठराव क्रमांक चार.”

ठराव क्रमांक चार होता सायरन बंद करण्याबाबत.

खरं सांगते, मला वाटलं होतं वरच्या आळीतली माणसं दुष्ट असतील. तशी ती नव्हती. सायरन आठवड्यातून दोन-तीनदा वाजायचा आणि बहुतेक वेळा गळती किरकोळ असायची. तान्ही बाळं दचकून उठायची. मुरलीकाकांचं घर तर सायरनच्या बरोबर खाली, त्यांची मुलगी कान झाकून रडत बसायची. सरपंच मालतीबाई खोत समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, “सायरन काढून आपण खालच्यांना वाऱ्यावर सोडत नाही आहोत. दाब उतरला की ‘आपली वसाहत’ या गटावर सूचना जाईल. प्रत्येकाच्या मनगटपट्टीवर ती दिसेल. लेखी! सायरनपेक्षा चांगलंच की.”

आजोबा उठले. आवाज कानात शिरतो, सूचना मुद्दाम वाचावी लागते, हा फरक त्यांनी समजावायला सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, “डॉक्टर, आटपा, पाचवा ठराव शिऱ्याचा आहे.” सभेत हशा पिकला. शिऱ्याचा ठराव म्हणजे पुढच्या आठवड्यात मालतीबाईंचा वाढदिवस होता.

मतदान झालं. कुणी लबाडी केली नाही, कुणी धमकावलं नाही. आम्ही साठ-सत्तर, ते तीनशे. सायरन बंद. सभा सुटल्यावर चार-पाच जण येऊन आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. “मनाला लावून घेऊ नका हं,” म्हणाले. मला त्या हातांना चावावंसं वाटत होतं.

घरी येईपर्यंत मी कशीबशी गप्प होते. मग फुटलेच. “ही तुमची लोकशाही? यांच्यापेक्षा तो दळवी परवडला!”

“हळू.”

“का हळू? त्यांची झोप मोडते म्हणून आमचा जीव गेला तरी चालेल? आणि हे मोजून, हात वर करून ठरवायचं?”

“तू म्हणतेस ते खरं आहे,” आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. “बहुमत म्हणजे शहाणपण नव्हे. बहुमत म्हणजे जास्त माणसं, बस. काही गोष्टी मताला टाकायच्याच नसतात. त्यांना हक्क म्हणतात (कितीही हात वर झाले तरी जे कुणाकडून काढून घेता येत नाही ते). आपण निवडणूक घेतली, सभा घेतली, हक्क लिहायचे मात्र राहिले. घाईत होतो, दळवी आणि प्रधान दोघांतून सुटल्याच्या आनंदात होतो. पण चारू, या राज्यात फेरमत मागता येतं. तीन महिन्यांनी मी परत उभा राहणार, परत सांगणार. दळवीसमोर दुसऱ्यांदा कुणी उभं राहिलं नव्हतं.”

“आणि तीन महिने?”

“तोवर मी बसतो की दाबाच्या काट्यापाशी. दाब उतरला की मीच सूचना टाकीन, जोरदार शब्दांत.” आणि ते हसले. मी हसले नाही.

मालतीबाईंच्या वाढदिवसाला शाळा अर्धी होती. आम्ही वर्गात होतो, सभागृहातून तुपाचा वास येत होता. गुरुजी अपूर्णांक शिकवत होते आणि एकदम मधेच थांबले.

“खालच्या आळीत दाब उतरतो आहे,” ते म्हणाले. “ही केवळ माहिती आहे. सायरन वाजवण्याचा किंवा दार उघडण्याचा मला अधिकार नाही.”

मी उठून उभी राहिले. “किती उतरलाय?”

“पुष्कळ.”

“मग दार उघडलं का कुणी? गटावर सूचना गेली ना?”

“डॉक्टर घोलप यांनी सूचना टाकली आहे. ‘मोठी गळती. दार ताबडतोब उघडा. माणसं अडकली आहेत.’ चाळीस जणांनी तिला उत्तर दिलं आहे.”

“काय उत्तर?”

“जोडलेले हात.”

मला आधी कळलंच नाही. मग गुरुजींनी भिंतीवर गट दाखवला. मालतीबाईंना उदंड आयुष्य लाभो. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, ताई. केकचं चित्र. फुलांचं चित्र. शुभेच्छा. शुभेच्छा. मधे आजोबांची सूचना, खाली रांगेने जोडलेले हात. पुन्हा शुभेच्छा. पुन्हा आजोबा: ‘कुणीतरी दार उघडा हो.’ पुन्हा जोडलेले हात. लोकांनी वाचलंच नव्हतं. घोलप डॉक्टरांनीही शुभेच्छा दिल्या असतील, असं समजून सगळ्यांनी सवयीने नमस्कार केला होता.

मी धावत सुटले. सभागृहात मुरलीकाका शिऱ्याची वाटी घेऊन उभे होते. मी त्यांचा हात ओढला, वाटी पडली. “काका, दार! खाली माणसं मरतायत!”

“अगं पण सूचना कुठे...” असं म्हणत त्यांनी मनगटाकडे पाहिलं. त्यांनीही हात जोडले होते. मग मात्र ते असे धावले की मला गाठता येईना.

दुहेरी दार म्हणजे दोन दारं आणि मधे एक खोली. खालचं दार उघडून माणसं खोलीत घ्यायची, ते बंद करायचं, खोलीत हवा भरायची, मग वरचं उघडायचं. एकदम दोन्ही उघडली तर वरची हवाही निघून जाईल. खोलीत दहा-बारा माणसं मावतात आणि एका फेरीला वेळ लागतो. तो वेळ काही कुणाला कमी करता येत नाही.

पहिली फेरी आली. पोरंबाळं, नाकातून रक्त, खोकला. “आजोबा?” मी विचारलं. “मागे आहेत, रांग लावतायत,” एक बाई म्हणाली. दुसरी फेरी. “मागे आहेत.” तिसरी, चौथी. कुंडावरची माणसं एकमेकांना धरून बाहेर पडत होती. मी प्रत्येक वेळी विचारत होते आणि प्रत्येक जण मागे बोट दाखवत होता. मग एक फेरी आली, तिच्यात तीनच माणसं होती आणि तिघंही बेशुद्ध.

“आता आजोबा,” मी म्हटलं. “काका, अजून एक फेरी. लवकर.”

मुरलीकाका काट्याकडे बघत होते. त्यांचा हात कळीवर होता, पण ते ती ओढत नव्हते. “चारू,” ते म्हणाले, “पलीकडे हवा उरलेली नाही गं.”

मी त्यांना मारलं. पाठीवर, हातावर, जिथे हात पोचेल तिथे. त्यांनी मला थांबवलं नाही. सगळी आळी बाहेर आली, आजोबा तेवढे आले नाहीत.

चार दिवसांनी सभा भरली. वेळ निभावण्यापुरती कुंडं वर हलवली होती आणि आम्हाला वरच्या आळीत घराघरांत एकेक खोली दिली होती. आईबाबांचं यान परत फिरलं होतं, पण पोचायला अजून अवकाश होता. सभागृहात आजोबांचा फोटो, त्याला कागदी फुलांचा हार. सगळे उभे राहून स्तब्ध झाले. मालतीबाई रडत होत्या, आणि खऱ्या रडत होत्या, हे मी कबूल करते. मग त्यांनी ठराव मांडला की सायरन पुन्हा सुरू करावा आणि त्याला ‘डॉ. सीताराम घोलप सायरन’ असं नाव द्यावं. सगळे हात वर! एक हात खाली राहिला नाही. सायरन पुन्हा लागणार, हे चांगलंच झालं. पण तेच हात दोन आठवड्यांपूर्वी विरुद्ध बाजूने वर झालेले मी पाहिले होते.

तेवढ्यात मागून एक माणूस ओरडला, “नाव कसलं देताय? ही लोकशाहीच नको! दळवीसारखा एक खमक्या माणूस आणा, नाहीतर प्रधानला परत बसवा!” खालच्या आळीतल्याच कितीतरी जणांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात वर उचलले गेले, टाळी वाजवायला. खोटं कशाला बोलू?

आणि मग मला दळवीच्या वेळचा तो ताप आठवला. तेव्हाही माणसं अशीच हवेवाचून गेली होती. तेव्हा सभा झाली नव्हती, फोटो नव्हता, कुणी रडलं नव्हतं, कारण काही घडलंय हेच कुणाला कळू दिलं नव्हतं. आज निदान सगळ्यांना माहीत होतं की कोण गेलं आणि कशाने गेलं. चूक उघड्यावर पडली होती. आता ती सुधारायची की तिला हार घालायचा, एवढंच उरलं होतं.

मुलांना सभेत बोलता येत नाही. मी बोलले.

“आजोबांचं नाव नको,” मी म्हटलं. “त्यांना दार पाहिजे होतं. दाराला आमच्या बाजूनेही कळ लावा. आणि असं लिहून ठेवा की ही कळ आणि हा सायरन कधीच मताला टाकायचा नाही. सगळे म्हणाले तरी नाही. तुमचं चुकणारच आहे. आमचंही चुकेल. पण तुमचं चुकलं तर मरायचं कुणी, हे तुम्ही हात वर करून ठरवायचं नाही.”

मग मतदान झालं. नावाला सगळे हात होते, मघाशी सांगितलंच. कळीच्या ठरावाला किती हात असतील? सात मतांनी पास झाला. सात! इतकी माणसं आजोबांना हार घालून, डोळे पुसून, पुन्हा विरुद्ध बाजूला बसली. मला इतका संताप आला की रडूसुद्धा आलं नाही.

पण पास झाला. कळ लागली. आता खालच्या आळीच्या भेगा भरायचं काम चालू आहे आणि वर्षभरात आम्ही परत जाऊ म्हणतात.

तोपर्यंत मला मिळालेली खोली मुरलीकाकांच्या घरात आहे. कळीच्या विरुद्ध त्यांनीही मत दिलं होतं. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, काल, जेवताना, ताटाकडे बघत.

“का?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“भीती वाटते गं,” ते म्हणाले. “तुम्ही खाली घाबरून दोन्ही दारं एकदम उघडली तर? माझी पोरगी इथेच झोपते.”

मला उठून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. ज्यांचा जीव गेला ते माझे आजोबा, आणि समजूत मी काढायची? पण ‘मताला टाकायचं नाही’ या ठरावावरच फेरमत त्यांनाही मागता येतं, तीन महिन्यांनी, आणि सात मतं म्हणजे काहीच नाही. मी ताटातल्या दोन भाकऱ्या उभ्या धरल्या.

“हे खालचं दार, हे वरचं,” मी म्हटलं. “एक उघडं असेल तर दुसऱ्याची कळ अडकते. नवी कळ लावताना यंत्रच तसं केलंय. आम्ही कितीही घाबरलो, कितीही ओढलं, तरी तुमची हवा जाणार नाही. फार तर मधल्या खोलीतली जाईल, तेवढीच.”

काकांनी भाकऱ्यांकडे पाहिलं. त्यांची मुलगीही पाहत होती.

“नीट नाही कळलं,” ते म्हणाले. “परत एकदा सांग.”

मी परत सांगितलं.